वर्धा नदीचे दोन काठ आणि एक रजिस्टर

बल्लारपूरहून राजुऱ्याला गेला असाल तर वर्धा नदीवरचा पूल तुम्ही ओलांडलाच असेल. पाच मिनिटांचाही प्रवास नाही. आज दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यातच येतात, त्यामुळे पुलावर काही बदलल्यासारखं वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातला चांदा जिल्हा, पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला आदिलाबाद जिल्हा. राजुरा तालुका निजामाकडे होता. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली चांद्यात आला. जिवती आणि कोरपना हे आजचे तालुके याच जुन्या राजुऱ्यातून निघालेत.

माझं संशोधन सरहद्दींवर आहे: सरकारं माणसांची नोंद कशी करतात आणि सरहद्द ओलांडली की त्याच माणसाची नोंद कशी बदलते. एम.एस्सी. केलं प्राणिशास्त्रात, आणि आता जुने कायदे वाचत बसते, त्यामुळे घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही की मी नेमकं काय करते. आज त्यातला एकच धागा घेते. नदीच्या दोन काठांवर, ज्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो अशा माणसांकडे सरकार कसं बघत होतं?

आधी अलीकडचा काठ. 1916 साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. विदर्भावर काम करणाऱ्या कुणालाही तो टाळता येत नाही. तिसऱ्या खंडात गोंडांवर मोठं प्रकरण आहे, पुढे गोवारी, गुरव, हलबा, हटकर, आणि हटकरांच्या मागोमाग ‘हिजडा’. म्हणजे इंग्रजी वर्णानुक्रमात बसवलेली आणखी एक ‘जात’. कुणी कुठल्या घरात जन्मलं, कुणाची आई गोंड होती की कुणबी, हे सगळं मागे पडतं आणि माणूस एका नव्या जातीच्या नोंदीत जाऊन बसतो. हे अपमानास्पद आहेच. पण ती एक वर्णनाची नोंद होती. तिच्या आधारावर कुणी दारात शिपाई पाठवत नव्हतं.

पलीकडच्या काठावर मात्र तसं रजिस्टर बनवायचा कायदा होता. हैदराबाद संस्थानाने फसली 1329 मध्ये तो केला. (फसली सालात 590 मिळवा, म्हणजे 1919 येतं. निजामाचे कागद वाचायचे तर हे गणित तोंडपाठ असावं लागतं.) कायद्याच्या नावातच ‘युनक’ हा शब्द आहे. आपल्याकडे त्याचं भाषांतर ‘नपुंसक’ असं होतं आणि तिथेच पहिली गडबड आहे. माणूस स्वतःला काय समजतो, कसा जगतो, हा प्रश्नच त्या शब्दात नाही. शरीर एक विशिष्ट काम करू शकतं की नाही, एवढंच त्याला विचारायचं आहे. व्याख्याही तशीच: जो पुरुष स्वतः कबूल करेल किंवा वैद्यकीय तपासणीत स्पष्ट दिसेल की तो नपुंसक आहे, तो.

हा मसुदा निजामाच्या डोक्यातून आलेला नव्हता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग बघा. पारधी, कैकाडी, बेरड यांच्या इतिहासामुळे पहिला भाग आपल्याला माहीत असतो. दुसरा भाग पूर्णपणे ‘युनक’ लोकांवर होता. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब इथे लागू झाला. त्यात रजिस्टर होतं, मिळकतीची यादी होती, आणि रजिस्टरमधल्या माणसाला मृत्युपत्र करायला, बक्षीसपत्र द्यायला, दत्तक घ्यायला बंदी होती. हे शेवटचं कलम साधं दिसतं, पण तेच सर्वात खोल घाव घालतं. हिजडा समाजात गुरूकडून चेल्याकडे घर, भांडी, दागिने, वस्तीचा हक्क जातो. रक्ताचं नातं तुटलेलं असतं, म्हणून हे नातं. मृत्युपत्र आणि दत्तक दोन्ही बंद केलं की पुढची पिढी उभीच राहत नाही. जेसिका हिंची या इतिहासकार बाईंचं यावर पुस्तक आहे, 2019 सालचं. त्यांनी कागदपत्रांवरून दाखवलंय की हा समाज हळूहळू नाहीसा व्हावा हाच काही अधिकाऱ्यांचा हेतू होता.

ब्रिटिश हद्दीत हा दुसरा भाग 1911 साली मोडीत निघाला. आणि आठ वर्षांनी हैदराबादने जवळपास त्याच शब्दांत आपला कायदा केला. वरच्याने टाकलेला कोट धाकट्याने घालावा, तसं.

आता हैदराबादचा कायदा चालायचा कसा, ते नीट बघू. पहिली पायरी संशय. मुलं पळवणं, त्यांचं लिंगच्छेदन करणं किंवा ‘अनैसर्गिक’ गुन्हा करणं, यांचा ‘वाजवी संशय’ ज्याच्यावर असेल त्याचं नाव रजिस्टरमध्ये जाणार. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. दुसरी पायरी, एकदा नाव चढलं की त्या माणसाने बायकी कपड्यांत किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा. रस्त्यावरून दिसावं अशा बेताने दुसरीकडे उभं राहणंही गुन्हा. सार्वजनिक जागी नाचणं, वाजवणं, गाणं, तमाशात भाग घेणं, सगळं त्यातच. वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे संशय होता पोरं पळवल्याचा, आणि शिक्षा लुगडं नेसल्याची. मूळ आरोप कधी तपासायची वेळच येत नाही, कारण शिक्षेसाठी त्याची गरजच उरलेली नाही.

तुमचा गैरसमज नको व्हायला. हे रजिस्टर मुळात हैदराबाद शहरासाठी होतं, आणि शहराबाहेर लावायचं तर सरकारने त्या जागेसाठी वेगळी अधिसूचना काढायची होती. राजुऱ्याच्या बाजारात रोज कुणी हे रजिस्टर घेऊन फिरत होतं असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. पण कायदा संस्थानाचा होता आणि राजुरा संस्थानात होता. एका सहीचं अंतर होतं.

आणि इथेच मला खरी गंमत, म्हणजे खरं तर चीड, येते. याच पट्ट्यात, राजुरा-जिवतीपासून आदिलाबादपर्यंत, दिवाळीच्या सुमारास राजगोंड आणि कोलामांची दंडारी निघते. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी तुम्ही फोटोत तरी पाहिले असतील. त्याच मेळ्यात बायकांच्या वेशातले तरुणही नाचत असतात. गावोगाव जातात, पाहुणचार घेतात, मान घेतात. वर्धेच्या आणि वैनगंगेच्या अलीकडे झाडीपट्टीत वेगळी दंडार आहे, लोकनाट्याची. तिथेही पूर्वी बाईचं काम पुरुषच करायचा. लुगडं, अंबाडा, बांगड्या, सगळं. रात्रभर लोक बघायचे आणि सकाळी तोच माणूस धान बांधायला शेतात.

म्हणजे पुरुषाने लुगडं नेसणं समाजाला चालत होतं, देवाच्या नावाने चालत होतं, नाटकाच्या नावाने चालत होतं. अट एकच: सण संपला, पडदा पडला की परत ‘माणसात’ यायचं. ज्याला परत यायचं नाही, ज्याचं ते रोजचं कापड आहे, त्याच्यासाठी जागा नाही. कायद्याने ही अट शोधून काढली असं मला वाटत नाही. ती गावात आधीपासूनच होती, कायद्याने तिला कलम नंबर दिला. आजही गडचिरोली-चंद्रपूरकडे एखादा मुलगा गॅदरिंगमध्ये बाई होऊन नाचला तर टाळ्या पडतात, आणि तोच मुलगा दुसऱ्या दिवशी कॉलेजात टिकली लावून आला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलींचं उलट असतं: शेतावर बैल हाकला तर ‘पोरासारखी पोर’ म्हणून कौतुक, केस कापले की घरात बैठक.

प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून त्या ‘वैद्यकीय तपासणी’पाशी मी नेहमी थांबते. 1884 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे खैराती नावाच्या व्यक्तीचा खटला आला. मुरादाबाद भागात बायकांमध्ये, बायकी कपड्यांत गाताना पोलिसांनी पकडलं, सिव्हिल सर्जनकडून शरीर तपासून घेतलं, आणि कलम 377 खाली शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर झाला हेच सरकारला सांगता येत नव्हतं. मात्र न्यायमूर्तींनी मुरादाबादच्या अधिकाऱ्यांचा हेतू समजण्यासारखा आहे असंही म्हणून ठेवलं. तर, डॉक्टरला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. शरीर तपासून माणूस कोण आहे ते कळेल, हे गृहीत धरलेलं. राजुरा हैदराबादमधून बाहेर पडला त्याच 1956 साली त्यो आणि लेवान यांनी माणसात 46 गुणसूत्रं असतात हे दाखवलं. तोपर्यंत विज्ञानाला गुणसूत्रं धड मोजताही येत नव्हती, पण कायदा कित्येक दशकं डॉक्टरकडून पक्कं उत्तर मागत होता. आणि गुणसूत्रं मोजता आल्यावरही, माणूस स्वतःला बाई समजतो की पुरुष, ते त्यांत लिहिलेलं सापडत नाही.

जनगणनेतही हेच. 2001 पर्यंत प्रगणकाला सूचना होती की अशा व्यक्तीची नोंद ‘पुरुष’ म्हणून करा. 2011 मध्ये पहिल्यांदा तिसरा पर्याय आला, ‘इतर’. देशभरात 4,87,803 जणांची नोंद त्यात झाली, त्यातले 40,891 महाराष्ट्रात. हा आकडा कमीच असणार हे उघड आहे. प्रगणकासमोर उत्तर देतो तो घरातला कर्ता, आणि त्याने मुलाबद्दल काय सांगायचं हे आपण वर बघितलंच.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात सांगितलं की लिंगओळख ठरवायचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा. त्या निकालात खैरातीचा उल्लेख आहे, 1871 च्या कायद्याचाही. मग हैदराबादचा तो 1919 चा कायदा? संस्थान गेलं, तेलंगणाचा भाग आंध्र प्रदेशात गेला, तेव्हा नावात ‘तेलंगणा क्षेत्र’ असं जोडून कायदा तसाच ठेवला. 2014 मध्ये तेलंगणा राज्य झालं, तरी तसाच. वैजयंती वसंत मोगली आणि इतरांच्या याचिकेवर तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनेच्या कलम 14 आणि 21 च्या विरुद्ध म्हणून रद्द केला, ती तारीख 6 जुलै 2023.

2023! मी तारीख दोनदा तपासली होती.

आता जिवती तालुक्यातल्या त्या वादग्रस्त गावांचा विचार करा. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा वगैरे. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. तिथल्या लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात दोन सरपंच, दोन शाळा. बातम्यांमध्ये ही गंमत म्हणून येते, दोन्हीकडून धान्य मिळतं वगैरे. पण त्या गावातली एखादी पारलिंगी व्यक्ती घ्या. 2020 मध्ये तिच्या एका राज्याने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केलं. त्याच वर्षी 10 जानेवारीपासून केंद्राचा 2019 चा कायदा लागू झाला, ज्यात ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायचं होतं. आणि तिच्या दुसऱ्या राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात पुढची साडेतीन वर्षं ते रजिस्टर होतंच, बायकी कपड्यांच्या कलमासकट. दोन रेशनकार्डं घेऊन ती बाजाराला निघाली असती तर तिच्या एका पत्त्यावर ती अर्जदार होती, आणि दुसऱ्या पत्त्यावर संशयित.