नाशिक बिनविरोध, दिल्लीत अविश्वास : १९६३ सालचा विरोधी पक्ष

राजेहो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

सीमेवर काही झालं की गावच्या ग्रुपवर दोन दिवसांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ही वेळ प्रश्न विचारायची नाही, गुमान सरकारच्या पाठीशी उभं राहा. दुसरी म्हणते, सरकार नापास झालं, राजीनामा द्या. मग एकमेकांना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणणं सुरू. पहलगामनंतर हेच झालं. २६/११ नंतरही हेच झालं होतं, फक्त तेव्हा बाजू उलट्या होत्या.

म्हणून आज एक जुना हिशेब मांडतो. चीन युद्धाच्या वेळी आपला विरोधी पक्ष नेमका कसा वागला? त्यातून त्याच्या हाती काय लागलं, आणि काय निसटलं?

गोष्ट १९५९ पासून धरू. चीनने अक्साई चीनमधून शिनजियांग ते तिबेट रस्ता काढला आणि तो पूर्ण झाल्याचं १९५७ मध्ये जाहीरही केलं. ऑक्टोबर १९५८ मध्ये आपल्या सरकारने चीनला निषेधाचं पत्र पाठवलं. म्हणजे सरकारला माहीत होतं. संसदेला मात्र ते कळलं ऑगस्ट १९५९ मध्ये, लोंगजूला गोळीबार झाल्यावर, सभागृहात प्रश्नांचा मारा झाल्यावर. त्यानंतर सप्टेंबरपासून नेहरूंनी चीनसोबतचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका काढून संसदेपुढे ठेवायला सुरुवात केली. ही विरोधकांची पहिली कमाई. कागद बाहेर आले.

मग पाळी आली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची. लष्करप्रमुख थिमय्या यांनी १९५९ मध्येच राजीनामा दिला होता, नेहरूंनी तो परत घ्यायला लावला. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्या कारभाराची चिरफाड केली. आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत थेट उत्तर मुंबईत मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. प्रजासमाजवादी, जनसंघ, स्वतंत्र पक्ष कृपलानींच्या मागे, तर काँग्रेस आणि कम्युनिस्ट मेनन यांच्या मागे. नेहरूंनी ती जागा स्वतःच्या प्रतिष्ठेची केली. मेनन मोठ्या फरकाने निवडून आले.

आठच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनने हल्ला केला. नामका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत, साध्या बुटांत आणि मोजक्या गोळ्यांवर लढत होते. मुंबईच्या मतदाराने मेनन यांना निवडून दिलं म्हणून बर्फातल्या जवानाला कोट मिळाला नाही. निवडणूक जिंकली म्हणजे प्रश्न मिटतो असं नसतं, हे त्या आठ महिन्यांनी दाखवून दिलं.

आता युद्ध पेटल्यावर विरोधकांनी काय केलं ते बघा.

पहिलं, जनसंघाच्या वाजपेयींसह विरोधी नेत्यांनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली. युद्ध चालू असताना! नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं आणि दीडशेहून जास्त खासदार बोलले. लक्ष्मीमल्ल सिंघवींनी सुचवलं की बैठक गुप्त घेऊ. नेहरूंनी नकार दिला. चर्चा उघड झाली, सरकारवर टीका झाली, वर्तमानपत्रांत छापून आली.

दुसरं, हीच टीका करणारी माणसं १४ नोव्हेंबरला उभी राहिली आणि आक्रमकाला हाकलून लावण्याचा ठराव एकमुखाने मंजूर केला. आधी झाडाझडती आणि मग ठराव, एकाच आठवड्यात. यात कुणाला विसंगती वाटली नाही.

तिसरं, मेनन गेले. ३१ ऑक्टोबरला संरक्षण खातं नेहरूंनी स्वतःकडे घेतलं आणि ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की हे एकट्या विरोधकांचं यश नव्हतं. महावीर त्यागींसारखे काँग्रेसचेच खासदार अडून बसले होते. विरोधकांनी तीन वर्षं प्रश्न जिवंत ठेवला, शेवटचा धक्का घरातून बसला.

मेनन यांच्या जागी कोण गेलं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याची एक बाजू आपल्या विदर्भाशी जोडलेली आहे. यशवंतराव दिल्लीला गेले म्हणून चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. वर्षभरात त्यांचं निधन झालं आणि डिसेंबर १९६३ मध्ये पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक आले, ते ११ वर्षं राहिले. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आपण अकोल्यात होतो. पण चीन युद्धाचा धक्का आपल्या दारापर्यंत असा आला होता.

आता मला सांगायची मुख्य गोष्ट.

यशवंतरावांना खासदार होणं भाग होतं. नाशिकची लोकसभेची जागा रिकामी झाली होती. १९६३ मध्ये तिथून ते बिनविरोध निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी यशवंतरावांवर तुटून टीका केली होती, त्या पक्षांनीही उमेदवार दिला नाही. नव्या संरक्षणमंत्र्याला प्रचारात गुंतवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

त्याच १९६३ च्या मे महिन्यात अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादमधून लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले. तिन्ही ठिकाणी काँग्रेस हरली. आणि ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव नेहरू सरकारवर आणला. चार दिवस चर्चा झाली. ठरावाच्या बाजूने ६२, विरोधात ३४७.

नाशिकमध्ये वाट मोकळी आणि दिल्लीत अविश्वास. साल एकच, विरोधी पक्ष तेच. आजच्या भाषेत त्यांना काय म्हणाल? देशभक्त की देशद्रोही? प्रश्नच चुकीचा आहे. नवा मंत्री सैन्य उभं करतोय, त्याला अडवायचं नाही. पण जे सरकार झोपलं होतं, त्याला सोडायचंही नाही. इतका साधा हिशेब होता तो.

३४७ विरुद्ध ६२ म्हणजे सपशेल हार, असं कुणी म्हणेल. आकड्यात हारच. पण चर्चा संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांना संसदेत युद्धाच्या चौकशीबद्दल निवेदन करावं लागलं. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ती चौकशी केली होती. प्रशिक्षण, साधनं, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत हे तिचे विषय. यशवंतरावांनी निष्कर्ष थोडक्यात सांगितले, उणिवा मान्य केल्या. अहवाल मात्र दिला नाही. शत्रूला फायदा होईल आणि सैन्याच्या मनोबलावर परिणाम होईल, हे कारण.

१९६३ मध्ये हे कारण पटण्यासारखं होतं. चीन समोर बसला होता. पण विरोधकांनी एक गोष्ट तेव्हा मागायला हवी होती, ती मागून पदरात पाडून घेतली नाही : मग कधी देणार? दहा वर्षांनी? तीस वर्षांनी? तारीख लिहून घेतली नाही. त्याची किंमत आपण आजही मोजतोय.

कारण पुढे काय झालं बघा. २०१० मध्ये काँग्रेस सरकारचे संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवाल संवेदनशील आहे, देता येणार नाही. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा काही भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधात असलेल्या भाजपच्या अरुण जेटलींनी लिहिलं की कागद असे कायमचे दडवून ठेवणं योग्य नाही. मे महिन्यात सरकार बदललं. जेटलीच संरक्षणमंत्री झाले. जुलै २०१४ मध्ये त्यांच्याच मंत्रालयाने राज्यसभेत उत्तर दिलं की अहवाल उघड करणं देशहिताचं नाही.

माणूस तोच, अहवाल तोच. मध्ये गेले फक्त चार महिने.

आणखी एक. १९६२ मध्ये ज्या वाजपेयींनी युद्ध चालू असताना अधिवेशन मागितलं, ते १९९९ च्या कारगिल युद्धात पंतप्रधान होते. लोकसभा बरखास्त झालेली होती. विरोधी काँग्रेसने राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं. ते झालं नाही. पण त्याच वाजपेयी सरकारने युद्ध संपल्यावर तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, आणि तिचा अहवाल गोपनीय भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. सैन्याचं मनोबल काही खचलं नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण २६/११ चं. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, आर. आर. आबा गेले, विलासरावही गेले. राम प्रधान समिती बसली, एप्रिल २००९ मध्ये अहवाल आला. सरकारने जूनमध्ये फक्त कारवाईचा अहवाल सभागृहात ठेवला, मूळ अहवाल नाही. शिवसेना-भाजप विरोधात होते, त्यांनी मागणी लावून धरली. डिसेंबर २००९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात अहवाल आला. सभागृहात चिकाटीने मागितलं तर मिळतं, याचा हा पुरावा.

याच्या उलटही घडलं. दिल्ली विधानसभेचं मतदान २९ नोव्हेंबर २००८ ला होतं. मुंबईत गोळीबार चालू असतानाच भाजपने त्या हल्ल्यावरून वर्तमानपत्रांत मतं मागणारी जाहिरात दिली. दिल्लीकरांनी काँग्रेसलाच तिसऱ्यांदा निवडून दिलं. एका जाहिरातीने निवडणूक ठरत नाही, हे खरं. पण लोकांना जबाबदारी विचारणं आणि मढ्यावरचं लोणी खाणं यातला फरक कळतो.

आता २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतर सुप्रिया सुळे विरोधात असूनही भारताची बाजू मांडायला शिष्टमंडळ घेऊन परदेशात गेल्या. त्याच वेळी विरोधी पक्ष खास अधिवेशन मागत होते. ते मिळालं नाही, चर्चा जुलैअखेर नेहमीच्या अधिवेशनात झाली. परदेशात देशाची बाजू आणि घरात सरकारला प्रश्न, ही १९६३ चीच रीत आहे. कुणाला त्यात दुटप्पीपणा दिसत असेल, तर त्याने नाशिक आठवावं.

प्रश्न दाबण्याची दुसरी बाजूही विसरू नका. २६ ऑक्टोबर १९६२ ला लावलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ ला उठली. युद्ध महिनाभराचं, आणीबाणी पाच वर्षांहून जास्त. कॉम्रेड डांगेंच्या पक्षाने १ नोव्हेंबरला सरकारला पाठिंब्याचा ठराव केला, तरी त्याच महिन्यात त्या पक्षाचे शेकडो लोक भारत संरक्षण कायद्याखाली आत गेले. सुरक्षेच्या नावाखाली दिलेला अधिकार सरकार आपणहून परत करत नाही. मग ते कुणाचंही असो.

मी हे का लिहितोय? आपल्या वाशिम, रिसोड, मानोऱ्याकडे पहाटे रस्त्याने चक्कर मारा. सोयाबीनच्या वावराच्या कडेने भरतीची तयारी करणारे पोट्टे धावताना दिसतील. मंत्र्याची खुर्ची गेली तर दुसरी मिळते, आर. आर. आबांना वर्षभरात तेच खातं परत मिळालं. पण कमी गोळ्या घेऊन चौकीवर पाठवलेलं पोरगं परत येत नाही. त्याच्या बुटाचा, गोळीचा आणि गुप्तवार्तेचा हिशेब मागणं हे त्याच्याच बाजूने उभं राहणं आहे.

म्हणून माझी मागणी कुठल्या एका पक्षाकडे नाही. जो आज विरोधात आहे त्याने राजीनाम्याच्या आधी नियम मागावा. प्रत्येक युद्धाची, प्रत्येक मोठ्या हल्ल्याची चौकशी ठरलेल्या मुदतीत व्हावी. गोपनीय भाग वगळून अहवाल सभागृहात यावा. आणि वगळलेला भाग किती वर्षांनी खुला होणार, ती तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी. जो आज सत्तेत आहे त्याने हे करावं, कारण उद्या तोही विरोधात बसणार आहे आणि तेव्हा त्यालाच हे लागणार आहे.

पटत नसेल तर खाली लिहा, वाद घालू. फक्त पक्षाचं नाव घेण्याआधी एवढं सांगा : तुमचा पक्ष विरोधात होता तेव्हा तो काय मागत होता?