मेमरी सेल : संहत रचना

मेमरी सेल म्हणजे चिपवर एकच बिट, ० किंवा १, धरून ठेवणारा सर्वांत लहान परिपथ. ही एकच आकृती चिपवर कोट्यवधी वेळा छापली जाते, म्हणून तिच्यात केसभरही जागा वाया घालवता येत नाही. एक मेगाबाइट स्टॅटिक रॅमला ८३,८८,६०८ सेल लागतात. प्रत्येकात सहा ट्रान्झिस्टर धरले तर पाच कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर होतात.

डायनॅमिक रॅमचे काम एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांवर भागते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या सेलचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. मात्र कपॅसिटरमधला भार झिरपत राहतो, त्यामुळे तो पुन्हापुन्हा भरावा लागतो.

स्टॅटिक रॅमला हे भरणे लागत नाही, पण तिचा सेल आखणे अवघड. त्यात दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे परिपथ) एकमेकांना जोडलेले आणि दोन्ही बाजूंना बिटलाइनकडे, म्हणजे बिट ने-आण करणाऱ्या तारेकडे, उघडणारा एकेक ट्रान्झिस्टर, म्हणजे दार. वाचताना भारित बिटलाइन आतला ० वर ओढू पाहते, म्हणून खाली खेचणारा ट्रान्झिस्टर दारापेक्षा बळकट हवा. लिहिताना दाराने वर खेचणाऱ्या ट्रान्झिस्टरला हरवले पाहिजे. सगळेच बारीक करत गेले की हा तोल ढळतो. शिवाय इतक्या लहान ट्रान्झिस्टरमध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचे मोजकेच अणू असतात. दोन-चार इकडेतिकडे झाले तरी शेजारशेजारचे सेल वेगळे वागतात. सेल किती तग धरेल हे दोन इन्व्हर्टरांच्या आलेखांवरून कळते. त्यांतला एक अक्षांची अदलाबदल करून दुसऱ्यावर ठेवला की फुलपाखराचे पंख उमटतात. लहान पंखात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू ही त्या सेलची सहनशक्ती.

चिपची आखणी शिकण्याची सोय महाराष्ट्रातही आहे. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. तेथे व्हीएलएसआय डिझाइनचा, म्हणजे असंख्य ट्रान्झिस्टरांच्या चिप आखण्याचा, एम.टेक. अभ्यासक्रम चालतो. पडद्यावर रंगीत पट्ट्यांनी हा सेल आखायला बसले की खरी काटकसर कडांवर सापडते. शेजारचा सेल आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा ठेवला, तर बिटलाइनचा आणि विजेचा संपर्कबिंदू दोघांत एकच पुरतो. सेल आडवा, बुटका ठेवला तर बिटलाइनची लांबी घटते आणि वाचन जलद होते. सुटा सेल कितीही देखणा असो, शेजाऱ्याशी जुळला नाही तर तो कुचकामी.

मेमरी सेलवरचे महाराष्ट्रातले ठळक काम पवईचे आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने एकदाच लिहिता येणारी ८ बिटांची मेमरी विकसित केली आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीने ती आपल्या १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानात उत्पादनासाठी स्वीकारली. अशा सेलमध्ये ऑक्साइडचा अतिपातळ थर विद्युतदाबाने एकदा फोडतात. ती खूण वीज गेली तरी टिकते. उत्पादनात आलेली चूक सुधारणारे आकडे चिपमध्येच कायमचे कोरण्यासाठी ही मेमरी उपयोगी पडते. बिटांची संख्या लहान आहे, पण भारतात कल्पलेला सेल भारतातच चिपवर उतरला, हे मोल मोठे.

जगाच्या आघाडीवर सेलचे आकुंचन मंदावले आहे. टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर तंत्रज्ञानात सहा ट्रान्झिस्टरांच्या सेलला ०.०२१ चौरस मायक्रोमीटर जागा लागते. त्यापुढच्या ३ नॅनोमीटर पिढीतल्या एन३ई या प्रकारातही ती तेवढीच राहिली.