व्यावसायिक कुक्कुटपालन

व्यावसायिक कुक्कुटपालन म्हणजे मांस किंवा अंडी यांच्या विक्रीसाठी मोठ्या संख्येने, बंदिस्त शेडमध्ये आणि नियंत्रित खाद्यावर केलेले कोंबड्यांचे संगोपन होय. घराच्या परसात मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबड्यांच्या पालनास परसातील कुक्कुटपालन म्हणतात. ते या व्यवसायाहून वेगळे मानले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ८५.१८ कोटी होती. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. हा लेख मुख्यतः भारतातील व्यवसायाची रचना व तेथील परिभाषा यांविषयी आहे.

पार्श्वभूमी

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा हा होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतात कोंबडीपालन हा प्रामुख्याने शेतीचा जोडधंदा होता. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था स्थापन केली. पुढे पुणे हे या उद्योगसमूहाचे मुख्य केंद्र झाले. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था सुरू झाली. संकरित जाती, तयार खाद्य आणि लसी उपलब्ध झाल्यावर हा जोडधंदा स्वतंत्र उद्योग बनला. तमिळनाडूतील नामक्कल, हरियाणातील बरवाला आणि आंध्र प्रदेशातील गोदावरी खोरे ही अंडी उत्पादनाची मोठी केंद्रे आहेत.

पक्ष्यांचे प्रकार

ब्रॉयलर : केवळ मांसासाठी वाढवलेला पक्षी. नर व मादी दोन्ही वाढवले जातात. साधारण पाच ते सहा आठवड्यांत त्याचे वजन दोन किलोग्रॅमपेक्षा अधिक होते व तो विक्रीस जातो.

लेअर : अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी. भारतात बहुतांश लेअर पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या आहेत. वयाच्या १८ ते २० आठवड्यांपासून अंडी मिळू लागतात आणि वर्षाला ३०० हून अधिक अंडी मिळू शकतात. साधारण ७२ ते ८० आठवड्यांनंतर उत्पादन परवडेनासे झाले की ती मांसासाठी विकली जाते. अशा पक्ष्यास कल बर्ड म्हणतात.

तलंग : अंडी देण्यास सुरुवात न केलेली वयात येणारी मादी.

ब्रीडर : ज्यांच्या अंड्यांपासून व्यावसायिक पिल्ले मिळवली जातात असे पैदाशीचे पक्षी.

पैदाशीची उतरंड

व्यावसायिक पिल्लू हे अनेक पिढ्यांच्या नियोजित संकराचे फळ असते. सर्वांत वर शुद्ध वंश, त्याखाली पणजोबा पिढी, आजोबा पिढी, मातृ-पितृ पिढी आणि शेवटी व्यावसायिक पक्षी अशी ही उतरंड आहे. मातृ-पितृ पिढीतील एका ब्रॉयलर ब्रीडर मादीपासून तिच्या उत्पादक काळात सुमारे दीडशे पिल्ले मिळतात. त्यामुळे वरच्या पायऱ्यांवरील थोड्या पक्ष्यांपासून तळाशी कोट्यवधी पक्षी तयार होतात.

या रचनेचा शेतकऱ्यावर थेट परिणाम होतो. वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत तसेच टिकत नाहीत. म्हणून ब्रॉयलरची पैदास शेतकऱ्याला स्वतःच्या शेडमध्ये करून चालत नाही; प्रत्येक खेपेस नवी पिल्ले विकतच घ्यावी लागतात. शुद्ध वंशांची मालकी जगातील मोजक्या कंपन्यांकडे एकवटलेली आहे.

उबवणी

फलित अंडी उबवणी केंद्रात, म्हणजेच हॅचरीत, ठेवली जातात. कोंबडीच्या अंड्याचा उबवण काळ २१ दिवसांचा असतो. पहिले १८ दिवस अंडी सेटर यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात असतात व ठरावीक वेळाने फिरवली जातात. शेवटचे तीन दिवस ती हॅचर यंत्रात असतात. बाहेर पडलेल्या पिल्लास एक दिवसाचे पिल्लू म्हणतात. अंड्यातील बलकाचा शिल्लक अंश पोटात असल्याने ते काही काळ खाद्यपाण्याविना राहू शकते, आणि त्यामुळेच त्याची दूरवर वाहतूक शक्य होते.

लेअर पिल्लांची लिंगनिवड पहिल्याच दिवशी होते. या वंशातील नर अंडी देत नाहीत व मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून ते नष्ट केले जातात. या प्रथेवर जर्मनीने २०२२ च्या प्रारंभापासून बंदी घातली.

संगोपन पद्धती

गादी पद्धतीत जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरला जातो; त्यास लिटर म्हणतात. ब्रॉयलर बहुधा याच पद्धतीने वाढवतात. पहिल्या दिवसांत पिल्लांना कृत्रिम ऊब दिली जाते. यास ब्रूडिंग म्हणतात. एका वेळी आणलेल्या सर्व पिल्लांच्या समूहास बॅच म्हणतात. संपूर्ण बॅच एकदम आणून एकदम काढली जाते. दोन बॅचमधील रिकाम्या काळात शेड धुऊन निर्जंतुक केले जाते, त्यामुळे रोगाची साखळी तुटते.

लेअर बहुधा पिंजरा पद्धतीत ठेवल्या जातात. यात जागा व मजुरी वाचते, परंतु पक्ष्यास पंख पसरणेही कठीण होते. भारताच्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात लेअर व ब्रॉयलर कोंबड्यांच्या निवास आणि वाहतुकीच्या नियमांचा विचार केला आहे.

मोजमापाच्या संज्ञा

खाद्य रूपांतर गुणोत्तर : एक किलोग्रॅम वजनवाढीसाठी लागलेले खाद्य. २.२ किलोग्रॅमच्या पक्ष्याने ३.५२ किलोग्रॅम खाद्य खाल्ले असल्यास गुणोत्तर १.६ येते. हा आकडा जितका कमी तितके उत्पादन किफायतशीर. व्यवहारात यास एफसीआर म्हणतात.

मरतूक : बॅचमधील मेलेल्या पक्ष्यांचे शेकडा प्रमाण.

उत्पादन कार्यक्षमता निर्देशांक : सरासरी वजन आणि जगलेल्या पक्ष्यांचे शेकडा प्रमाण यांच्या गुणाकारास वय व खाद्य रूपांतर गुणोत्तर यांच्या गुणाकाराने भागून १०० ने गुणले जाते. ४० दिवसांत २.२ किलोग्रॅम वजन, ९५ टक्के पक्षी जिवंत व गुणोत्तर १.६ असल्यास निर्देशांक सुमारे ३२७ येतो.

दैनिक अंडी टक्केवारी : त्या दिवशी जिवंत असलेल्या कोंबड्यांच्या तुलनेत मिळालेली अंडी. १०,००० कोंबड्यांपासून ९,२०० अंडी मिळाल्यास ती ९२ टक्के असते.

खाद्य

उत्पादन खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. मका हा ऊर्जेचा आणि सोयापेंड हा प्रथिनांचा मुख्य स्रोत आहे. ब्रॉयलरला वयानुसार प्री-स्टार्टर, स्टार्टर व फिनिशर असे खाद्य दिले जाते. त्यामुळे या उद्योगाचे हित सोयाबीन व मका उत्पादकांच्या हिताशी कधी जुळते, तर कधी आदळते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. महागड्या खाद्याने त्रस्त कुक्कुट व्यावसायिकांना ती हवी होती, तर सोयाबीनचे भाव पडतील म्हणून महाराष्ट्रासह इतर भागांतील शेतकरी संघटनांनी तिला विरोध केला.

करार शेती

१९९० च्या दशकात तमिळनाडूतील कोइंबतूर परिसरातून करार पद्धत पसरली. यात कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे व तांत्रिक देखरेख पुरवते. शेतकरी शेड, वीज, पाणी, तूस व श्रम पुरवतो. पक्ष्यांची मालकी कंपनीकडेच राहते. शेतकऱ्यास जिवंत वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे संगोपन शुल्क मिळते. गुणोत्तर व मरतूक यांनुसार ते वाढते किंवा घटते. बाजारभावाच्या चढउताराची जोखीम मुख्यतः कंपनीकडे जाते. मात्र शेडसाठी काढलेले कर्ज शेतकऱ्याच्या नावावर असते, आणि पुढची बॅच केव्हा टाकायची हे कंपनी ठरवते. शेड रिकामे राहिले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

अंड्यांचे दर

पूर्वी अंड्यांचा दर व्यापारी ठरवत असत. १९८२ मध्ये डॉ. राव यांच्या पुढाकाराने उत्पादकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली. ती विविध केंद्रांसाठी दररोज शेकडा अंड्यांचा सुचवलेला दर जाहीर करते. घाऊक व्यवहारात ३० अंड्यांचा ट्रे हे एकक प्रचलित आहे.

रोग व संकटे

राणीखेत किंवा मानमोडी हा विषाणुजन्य रोग उत्तराखंडातील राणीखेत या गावाच्या नावाने ओळखला जातो. गंबोरो व मरेक हे इतर महत्त्वाचे विषाणुजन्य रोग असून तिन्हींवर लसी उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचा पहिला प्रादुर्भाव आढळला व परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. २०१९ मध्ये भारत सरकारने प्रतिजैविक प्रतिरोधाच्या धोक्यामुळे अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

रोग नसतानाही हा व्यवसाय कोसळू शकतो. २०२० च्या आरंभी कोंबडीमुळे कोरोना पसरतो अशी अफवा पसरली आणि मागणी एकाएकी घटली. ब्रॉयलर वेळेत विकला गेला नाही, तर तो खाद्य खातच राहतो व खर्च वाढत जातो. त्यामुळे अनेक उत्पादकांना उत्पादन खर्चाहून कितीतरी कमी दराने पक्षी विकावे लागले.