वेस्ट सिंड्रोम

वेस्ट सिंड्रोम : तान्ह्या बाळांना होणारा अपस्माराचा दुर्मिळ पण गंभीर प्रकार. साधारणपणे 2,000 ते 4,000 जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुधा 3 ते 12 महिन्यांच्या वयात सुरू होतो. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी 1841 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून त्याचे पहिले वर्णन केले. रोगी त्यांचाच मुलगा होता. जळवा लावल्या, रेचके दिली, हिरड्यांना चीरही दिली. गुण आला नाही.

फेफरे म्हटले की ताठलेले अंग, तोंडाला फेस आणि नाकाशी कांदा धरणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काहीच दिसत नाही. झोपेतून उठल्यावर बाळाची मान एकदम झुकते, हात पुढे फेकले जातात, पाय पोटाशी येतात. क्षण-दोन क्षणांत अंग सैल पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. असे दहा-वीस, कधी त्याहून पुष्कळ झटके ओळीने येतात. हळूहळू बाळ हसेनासे होते, नजर देत नाही, धरलेली मान सोडते. घरचे याला दचकणे, पोटातला मुरडा, दात येणे नाहीतर दृष्ट समजतात. पेंटाव्हॅलंट लसीचा तिसरा डोस 14 आठवड्यांचा. झटकेही त्याच सुमारास सुरू होत असल्याने लसीवर खापर फुटते, हे वेगळेच.

निदान ईईजीने (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाने) होते. झोपेतील नोंद विशेष उपयोगी. जन्मताच न रडलेले बाळ, जन्मानंतर रक्तातील साखर फार उतरणे, मेंदूच्या घडणीतील दोष, ट्यूबरस स्क्लेरोसिस (यात त्वचेवर फिकट डाग दिसतात) ही प्रमुख कारणे. काही वेळा आनुवंशिक चयापचयदोष असतो. मामा-भाचीसारख्या जवळच्या नात्यातील विवाहांत अशा दोषांचा धोका वाढतो. उपचारात एसीटीएचची इंजेक्शने, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन देतात. प्रेडनिसोलोन स्वस्त आणि सहज मिळणारे औषध आहे, मात्र रक्तदाब आणि जंतुसंसर्गावर लक्ष ठेवावे लागते. व्हिगाबॅट्रिनने दृष्टिक्षेत्र आकसू शकते. उपचार जितके लवकर, तितकी बाळाच्या वाढीची आशा जास्त. खरा तोटा होतो तो घरगुती उपायांत गेलेल्या आठवड्यांमुळे.

औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावातून मेंदूविकारतज्ज्ञासाठी लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते. तिथवर जायचे, हे आधी घरात कुणाला तरी उमजायला हवे. 17 नोव्हेंबरचा राष्ट्रीय अपस्मार दिन आणि 26 मार्चचा ‘पर्पल डे’ शहरांत पाळले जातात. गावात त्याहून मोलाची ठरेल ती आशाताईची फेरी. 2018 पासूनच्या गृहभेट कार्यक्रमात ती बाळाच्या 3ऱ्या, 6व्या, 9व्या, 12व्या आणि 15व्या महिन्यात घरी येते. यातल्या पहिल्या चार भेटी नेमक्या झटके सुरू होण्याच्या वयातल्या. झटक्यांचे चित्रीकरण मोबाइलवर करून डॉक्टरांना दाखवा, एवढे तिने आजीला सांगितले तरी निदानाची वाट सोपी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणी करतात. विकासात मागे पडलेली बाळे त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतात.

झटके थांबले तरी अनेक मुलांना बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी राहते. काहींत पुढे लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम हा अपस्माराचा दुसरा गंभीर प्रकार दिसतो.  लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र चालते.