सातबाऱ्यावरचं दुसरं कर्ज

१ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याचे शेतकरी संपावर गेले. दूध-भाजीपाला अडला, संप राज्यभर पसरला आणि त्याच महिन्यात सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. मग बँकांच्या याद्या आणि अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी दिसल्याच्या बातम्या आल्या. शिव्या खाल्ल्या त्या नव्या संगणक प्रणालीने. माझ्या मते थकबाकी बरीच जुनी होती, वसुली तेवढी त्या वर्षी निघाली.

आमच्या धंद्यात या थकबाकीला 'टेक्निकल डेट' म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये ही उपमा वापरली. तो आर्थिक गुंतवणुकीचं सॉफ्टवेअर लिहीत होता, म्हणून कर्जाची भाषा. घाईत लिहिलेला कोड म्हणजे उचल. लवकर नीट केला तर फायदाच, नाहीतर पुढच्या प्रत्येक बदलावर व्याज.

सातबाऱ्याचं संगणकीकरण ही अशीच एक मोठी उचल होती. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हस्तलिखितात एखाद्याचा हक्क संपला की तलाठी त्याचं नाव कंसात टाकायचा. टाइप करताना तो कंस सुटला की गेलेला माणूस पुन्हा जमिनीचा मालक. जुनी मोजणी एकर-गुंठ्यांत, हिस्से आणे-पैंत, नवे रकाने हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. प्रत्येक भावाच्या वाट्याला थोडं इकडेतिकडे झालं की बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही. कागदावर हे खपून जायचं, कारण कागद बेरीज तपासत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये अशा चुका हुडकायला साधनं आहेत. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सनने १९७८ मध्ये 'लिंट' बनवलं. कपड्यावरचे बारीक धागे-तंतू असतात, त्यांचं नाव. प्रोग्राम न चालवताच ते त्यातल्या संशयास्पद जागा दाखवतं. आजची सोनारक्यूबसारखी साधनं त्याच घराण्यातली. ती तर कर्ज फेडायला किती तास लागतील याचाही अंदाज देतात.

महसूल खात्याचं लिंट म्हणजे ओडीसी अहवाल. हे नाव तलाठ्यांना तोंडपाठ असतं, बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, अशा विसंगत सातबाऱ्यांच्या याद्या हे अहवाल काढतात. दुरुस्तीसाठी आधी एडिट मॉड्यूल आलं, मग री-एडिट. दुसऱ्या नावावरूनच कळतं की पहिल्याने काम भागलं नव्हतं.

पण लिंटला एक गोष्ट जमत नाही. बेरीज चुकली हे ते सांगतं. थोरल्याचे दोन आर कमी करायचे की धाकट्याचे वाढवायचे, हे नाही. ते ठरवायला जुना फेरफार काढावा लागतो, काही ठिकाणी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश घ्यावा लागतो. तोवर शेतकऱ्याचं पीककर्ज किंवा खरेदीखत अडकून पडू शकतं.

म्हणून २०१७ च्या त्याच उन्हाळ्यात, पुणतांब्याच्या संपाच्या आगेमागे, राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा छापायचा, गावात मोठ्याने वाचायचा, हरकती घ्यायच्या. आम्ही 'कोड रिव्ह्यू' म्हणून जे करतो त्यापेक्षा मला हे कितीतरी सरस वाटतं. आमच्याकडे रिव्ह्यू करणारा दुसरा इंजिनिअरच असतो, त्यालाही घरी जायची घाई असते. चावडीवर ऐकणाऱ्याची स्वतःची जमीन त्या ओळीत असते, आणि बांधापलीकडचा शेजारीही कान देऊन बसलेला असतो. अर्थात जो पुण्याला किंवा मुंबईला कामाला गेला, त्याची ओळ त्याच्या गैरहजेरीतच वाचली गेली.

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आता तलाठ्याकडे न जाता तो मोबाइलवर उतरवता येतो. विसंगती शिल्लक असेल तर मात्र त्या गटाचा सातबारा सहीसाठी अडतो, आणि शेतकऱ्याला पुन्हा तलाठ्याचं कार्यालय गाठावं लागतं.