पहिल्या ओथेल्लोचा आवाज: जुनी तबकडी पुरावा म्हणून कशी ऐकायची?

संशोधनाची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ हा शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. पत्रं, हस्तलिखितं, दप्तरं, नाणी. पण आवाज? एखादी जुनी तबकडी प्राथमिक साधन होऊ शकते का, आणि झाली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? यासाठी माझ्या आवडीचं एक उदाहरण घेते. विषय इटालियन ऑपेराचा आहे, पण ऑपेरा माहीत नसला तरी काही अडणार नाही.

आधी पार्श्वभूमी. जुझेप्पे व्हेर्दी या संगीतकाराचा ‘ओतेल्लो’ हा ऑपेरा ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वर आरिगो बोइतोने त्याची संहिता लिहिली होती. नायकाची भूमिका फ्रांचेस्को तामान्यो या गायकाने केली. त्याचा आवाज तुतारीसारखा म्हणून प्रसिद्ध होता. व्हेर्दीने त्याची तालीम स्वतः घेतली, पण त्याच्या मनात शंकाही होती. युद्धाच्या आरोळ्या हा माणूस सहज मारेल, पण शेवटच्या प्रसंगातला तुटलेला, हळू आवाज त्याला जमेल का?

व्हेर्दी जानेवारी १९०१ मध्ये वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९०३ मध्ये, ग्रामोफोन कंपनीची माणसं आपलं यंत्र घेऊन इटलीच्या किनाऱ्यावरच्या ओस्पेदालेत्ती गावी, तामान्योच्या घरी गेली. तिथे त्याने ‘ओतेल्लो’तले तुकडे गायले. नायकाच्या पहिल्या प्रवेशाचा ‘एसुल्ताते’ आणि मृत्यूच्या प्रसंगाचा ‘नियून मी तेमा’ हे दोन्ही त्यात आहेत. १९०५ मध्ये तामान्यो गेला.

म्हणजे बघा, संगीतकाराने स्वतः शिकवलेल्या माणसाचा, त्याच भूमिकेतला आवाज आपल्याकडे आहे. शेक्सपिअरच्या पहिल्या ऑथेल्लोबद्दल हे शक्यच नाही. आपल्याकडचंच घ्या. किर्लोस्कर मंडळीत सुभद्रेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, आणि याच ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कोलकात्यात आला तो १९०२ च्या अखेरीस. भाऊरावांच्या गळ्याबद्दल वाचावं लागतं. तामान्योचा ऐकता येतो.

पण ‘ऐकता येतो’ या दोन शब्दांपाशीच संशोधकाने थांबायला हवं.

पहिला प्रश्न: यंत्राने काय पकडलं?

१९०३ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. तोपर्यंत गायक एका कर्ण्यात गायचा, कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. सगळी ऊर्जा गायकाच्या फुफ्फुसातून येणार. पूर्ण वाद्यवृंद त्या कर्ण्यासमोर कोंबणं अवघड, म्हणून तामान्योच्या साथीला फक्त पियानो आहे.

ही व्यवस्था साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या वरचं फारसं पकडत नसे. आता इथे गंमत आहे. प्रशिक्षित ऑपेरा गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक खास उंचवटा असतो. वाद्यवृंदाची बरीचशी ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते, म्हणून माइक नसतानाही गायकाचा आवाज त्यावरून पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तामान्यो ज्यासाठी प्रसिद्ध होता ती धार नेमकी याच पट्ट्यात असणार, आणि नेमका तोच पट्टा यंत्राच्या मर्यादेवर येतो. तेव्हा तबकडी ऐकून ‘एवढा काही मोठा वाटत नाही आवाज’ असं कुणी म्हणालं, तर तो निष्कर्ष गायकाबद्दलचा नाही, कर्ण्याबद्दलचा आहे.

दुसरा प्रश्न: तबकडी किती वेगाने फिरवायची?

मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण नंतर रूढ झालं. सुरुवातीच्या तबकड्या कमी-अधिक वेगाने कापलेल्या असत. वेग बदलला की लय बदलते आणि पट्टीही बदलते. एक अर्धस्वर, म्हणजे ‘सा’पासून ‘कोमल रे’पर्यंतचं अंतर, म्हणजे कंपनसंख्येत सुमारे ५.९५ टक्के फरक. ७३.६ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ ने वाजवली तर गाणं पूर्ण अर्ध्या स्वराने वर जातं, लय तेवढीच जलद होते आणि आवाजाचा पोतही बदलतो. जड, रुंद आवाज बारीक वाटू लागतो.

मग खरा वेग कसा ठरवायचा? सरळ उपाय असा: छापील स्वरलिपीतली पट्टी घ्या आणि ती जुळेपर्यंत वेग बदला. पण यात दोन गृहीतकं लपलेली आहेत. एक, पियानो कोणत्या स्वरमानाला लावला होता? आज आपण ४४० हर्ट्झ धरतो, पण १८८४ मध्ये व्हेर्दी स्वतः ४३२ च्या बाजूने होता. या दोनांत जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराचा फरक पडतो. दोन, तामान्यो मूळ पट्टीतच गायला का? बावन्न वर्षांच्या गायकाने एखादा तुकडा अर्ध्या स्वराने खाली उतरवून गायला तर त्यात नवल काही नाही.

इथेच तो सापळा आहे, जो तुमच्या विषयातही तुम्हाला भेटेल. मूळ पट्टी गृहीत धरून वेग ठरवला, आणि मग त्याच वेगाने वाजवून ‘बघा, तामान्यो बावन्नाव्या वर्षीही मूळ पट्टीत गात होता’ असं लिहिलं, तर आपण काहीच सिद्ध केलेलं नाही. जे आत घातलं तेच बाहेर काढलं. मोजमाप जुळवायला जी गोष्ट वापरली, तिचाच पुरावा त्या मोजमापातून मिळत नाही. प्रयोगशाळेत आपण हे कॅलिब्रेशनच्या पहिल्या तासाला शिकतो आणि शोधनिबंध लिहिताना विसरतो.

तिसरा प्रश्न: हे गाणं कोणत्या वर्षाचं आहे?

तबकडीवर १९०३ आहे. आपल्याला हवं आहे १८८७. तामान्यो लय मोकळेपणाने ताणतो, स्वरांवर रेंगाळतो. हे व्हेर्दीने मान्य केलेलं होतं? की सोळा वर्षं जगभर टाळ्या घेऊन लागलेली सवय? की समोर कंडक्टर नाही, नुसता पियानो आहे, म्हणून मिळालेली सूट? एकट्या तबकडीवरून या तिघांत निवड करता येत नाही.

अशा वेळी दुसरी साधनं शेजारी ठेवायची. व्हेर्दीने स्वरलिपीत मेट्रोनोमचे आकडे दिलेले आहेत. त्याची पत्रं आहेत. पहिला इयागो व्हिक्टर मोरेल यानेही आपल्या भूमिकेतलं ‘एरा ला नोत्ते’ मुद्रित करून ठेवलं आहे. आणि १८८७ च्या त्या रात्री वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्या आर्तुरो तोस्कानिनी नावाच्या तरुणाने पुढे, डिसेंबर १९४७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये रेडिओसाठी पूर्ण ‘ओतेल्लो’ सादर केला; तोही ऐकायला मिळतो. यातलं एकही साधन निर्दोष नाही. पण प्रत्येकाचा दोष वेगळा आहे, आणि आपल्या कामाचं तेच आहे. वेगवेगळ्या दोषांची साधनं एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागली की तिच्यावर भार टाकता येतो.

मग या तबकडीवरून ठामपणे काय म्हणता येतं? माझ्या मते बरंच काही. वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी शब्दांवर दिलेला जोर बदलत नाही. श्वास कुठे घेतला, कोणता स्वर घसरत गाठला, कुठे आवाज आवरला, हेही टिकतं. म्हणून ‘नियून मी तेमा’ ऐकताना आरोळ्यांची वाट पाहू नका. शेवटाकडे जाताना हा दणदणीत गळ्याचा माणूस आवाज कसा आखडता घेतो ते ऐका. व्हेर्दीची शंका नेमकी याच जागेबद्दल होती, आणि यंत्राच्या कुठल्याही दोषातून असा आखडता घेतलेला आवाज तयार होत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या साधनासाठी एक काम करा. कागद घेऊन तीन रकाने आखा: साधनाने काय टिपलं, काय टिपणं त्याला शक्यच नव्हतं, आणि ते वाचण्यासाठी मी काय गृहीत धरलं. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला तर घाबरू नका. तुमच्या प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण बहुतेक तिथूनच सुरू होईल.