बंदीवाल्यांचे शब्द

८ डिसेंबर १९५२ च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह लूसी’ मालिकेतल्या लूसीने नवऱ्याला गोड बातमी दिली. लूसीची भूमिका करणारी ल्यूसील बॉल तेव्हा खरोखरच गरोदर होती. तिचं पोट पडद्यावर दिसायला बऱ्याच वाटाघाटींनंतर परवानगी मिळाली, पण ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला मिळाली नाही. पात्रांच्या तोंडी ‘एक्स्पेक्टिंग’ आलं, आणि भागाच्या शीर्षकासाठी गरोदर या अर्थाचा फ्रेंच शब्द आणला गेला. संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी अशा तिघांच्या नजरेखालून जात होत्या. पुढच्या महिन्यात लूसीला मुलगा झाल्याचा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्यालाही एवढे प्रेक्षक लाभले नाहीत.

‘तिला दिवस गेलेत’ असं आपल्याकडेही बायका आवाज खाली आणून म्हणत आल्या. पण तो बोलणाऱ्यांचा स्वतःचा संकोच होता. अमेरिकेत त्या संकोचाची नियमावली झाली, तिच्यावर देखरेख करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, कायदे झाले. आणि त्या कायद्यांमुळे अनेक शब्दांच्या कुंडल्याच बदलल्या.

सुरुवात सुधारणांच्या नावाने, भाषेतूनच झाली होती. कोंबड्यासाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दाला पुरुषाच्या अवयवाचा अर्थ चिकटला, तेव्हा अमेरिकेने ‘रूस्टर’ हा नवा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ एवढाच, की दांडीवर बसणारा. जेवणाच्या टेबलावर कोंबडीची छाती आणि मांडी मागायची चोरी झाली, म्हणून पांढरं मांस आणि गडद मांस असं म्हणू लागले. अमेरिकन इंग्रजीचा पहिला थोर कोशकार नोआ वेब्स्टर याने १८३३ साली बायबलची सुधारित आवृत्ती काढली, तीत गर्भाशय, दुर्गंधी, अंगावर पाजणं यांचे रोखठोक शब्द बदलून सौम्य शब्द घातले. ज्या माणसाने शब्द जपण्यासाठी आयुष्य वेचलं, त्यालाच धर्मग्रंथातले शब्द घरच्या मंडळींसमोर वाचवेनात, हे मला फार बोलकं वाटतं.

‘सेन्सॉर’ हा शब्द रोमचा. तिथला सेन्सॉर नागरिकांची मोजदाद करी, मालमत्तेचा अंदाज बांधी, आणि जोडीला त्यांच्या वर्तनावर नजर ठेवी. जनगणनेचा ‘सेन्सस’ त्याच धातूचा. कॅटो या प्रसिद्ध सेन्सॉरने एका सिनेटरचं नाव सभागृहाच्या यादीतून उडवलं, कारण त्याने दिवसाउजेडी, मुलीच्या देखत, बायकोचं चुंबन घेतलं होतं. ही हकीकत प्लुटार्कने नोंदवली आहे. मोजणारा आणि दटावणारा एकच, ही गोष्ट या शब्दाच्या पोटात तेव्हापासून आहे.

‘ऑब्सीन’ हाही लॅटिनचाच. त्याची व्युत्पत्ती नक्की नाही. रोमन विद्वान वॅरोने त्याचा संबंध रंगमंचाशी लावला, पण तो बहुधा ओढूनताणून आणलेला. जुना अर्थ मात्र स्पष्ट आहे: अपशकुनी. इथे मम्मटाची आठवण येते. ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलतेचे तीन प्रकार आहेत, लाज आणणारी, किळस आणणारी आणि अमंगल सुचवणारी. आपला ‘अश्लील’ तर ‘श्री’ नसलेला. म्हणजे दोन्हीकडे शब्द निघाला शोभा आणि शकुनाच्या गोष्टींतून. तो शरीरसंबंधापुरता आवळला गेला फार नंतर, आणि अमेरिकेत हे आवळणं ज्याच्या हातून झालं त्याचं नाव अँथनी कॉमस्टॉक.

कॉमस्टॉक कनेक्टिकटचा, यादवी युद्धात लढलेला, न्यूयॉर्कमध्ये कापडाच्या पेढीत नोकरी करणारा. १८७३ साली त्याने काँग्रेसकडून कायदा करून घेतला, आणि टपाल खात्याचा विशेष अधिकारी म्हणून पाकिटं, पुस्तकं, चित्रं जप्त करायला सुरुवात केली. कायद्याच्या मजकुरात अश्लील पुस्तकांच्या शेजारीच गर्भधारणा टाळण्याची साधनं आणि त्यांची माहितीही बसवली होती. हे शेजार साधं नव्हतं. बाळंतपणांनी पिचलेल्या बाईला तिच्या डॉक्टरने पत्रातून दिलेला सल्लाही त्यामुळे अश्लीलतेच्या खात्यात गेला. आपल्या कारवायांमुळे किती जणांनी जीव दिला, याची फुशारकी कॉमस्टॉक मारत असे. आयडा क्रॅडॉक या लेखिकेने विवाहितांसाठी कामजीवनावर पुस्तिका लिहिल्या. त्याबद्दल दोषी ठरल्यावर, १९०२ साली, शिक्षा सुनावली जाण्याआधी तिने आत्महत्या केली. एका विशेषणाने एवढं केलं. पुढे १९१४ मध्ये मार्गारेट सँगरच्या ‘द वुमन रेबेल’ या मासिकात ‘बर्थ कंट्रोल’ हा शब्दप्रयोग जन्माला आला, आणि त्या मासिकावरही याच कायद्याखाली खटला भरला गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर मुंबईत अश्लीलतेचे खटले झाले, तेव्हा तिथेही लैंगिक प्रश्नांची चर्चा आणि अश्लीलता यांची अशीच गल्लत होती.

कॉमस्टॉकच्या नावाचाच पुढे शब्द झाला. १९०५ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने बर्नार्ड शॉचं ‘मॅन अँड सुपरमॅन’ खुल्या कपाटातून काढून घेतलं, तेव्हा शॉने ‘कॉमस्टॉकरी’ हा शब्द वापरून अमेरिकेला जगापुढे उभं केलं. शब्द त्याच्या आधी, १८९५ साली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये येऊन गेला होता, पण चालता केला शॉने. मराठीत त्याला ‘कॉमस्टॉकगिरी’ म्हणावं, दादागिरीच्या चालीवर. त्याच वर्षी शॉचं ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ न्यूयॉर्कमध्ये लागलं, आणि एका प्रयोगात बंद पडलं. पण त्या एका प्रयोगाला दाराशी तोबा गर्दी उसळली होती.

ही गर्दी हाच माझ्या मते या सगळ्या शब्दकथेचा कणा आहे. अमेरिकेत बंदीचा शब्द फार काळ बंदीवाल्यांच्या ताब्यात राहत नाही. तो बाजार उचलतो. यातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘बॅन्ड इन बॉस्टन’. बॉस्टनमध्ये वॉच अँड वॉर्ड सोसायटी नावाची संस्था पुस्तकविक्रेत्यांना आधीच सावध करी, आणि पुस्तकं गुपचूप दुकानातून नाहीशी होत. १९२६ साली तिने ‘अमेरिकन मर्क्युरी’ मासिकाचा एक अंक रोखला. त्यात लहानशा गावातल्या एका वेश्येविषयी लेख होता. संपादक एच. एल. मेंकेन स्वतः बॉस्टनला आला. ५ एप्रिलला बॉस्टन कॉमन या मैदानावर, हजारोंच्या गर्दीसमोर, त्याने संस्थेचा सचिव असलेल्या पाद्र्यालाच अंक विकला. पाद्र्याने अर्ध्या डॉलरचं नाणं पुढे केलं. मेंकेनने ते खरं की खोटं पाहायला दाताखाली धरून चावलं, मग अंक दिला. लगेच अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने सोडून दिलं. पुढच्या वर्षी अप्टन सिंक्लेअरने आपल्या ‘ऑइल!’ कादंबरीची आक्षेपार्ह पानं अंजिराच्या पानाच्या चित्राने झाकून ती बॉस्टनच्या रस्त्यावर उभं राहून विकली. प्रकाशकांना कळून चुकलं, की बॉस्टनची बंदी म्हणजे बाकी देशात फुकटची जाहिरात. तोच शब्दप्रयोग मुखपृष्ठांवर झळकू लागला.

‘एक्स’चंही असंच झालं. १९६८ साली चित्रपट उद्योगाने वर्गवारी आणली, तेव्हा बाकीची अक्षरं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली, ‘एक्स’ तेवढं मोकळं सोडलं. ‘मिडनाइट काउबॉय’ला ‘एक्स’ मिळालं होतं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्करही. पण मोकळं अक्षर कुणीही लावू शकत होता. नग्नपटवाल्यांनी ते एकदा, मग तीनदा लावलं. गंभीर चित्रपटांची त्यात पुरती कोंडी झाली, कारण अनेक वृत्तपत्रं त्या अक्षराची जाहिरातच घेईनात. १९९० मध्ये ‘एनसी-१७’ हे नवं चिन्ह आणावं लागलं. या वेळी मात्र ते नोंदवून घेतलं.

लोकांचं दुटप्पी वागणं म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही. तक्रार करणारा आणि तिकीट काढणारा असे दोन वेगळे गट त्या देशात नेहमीच होते, आणि दोघांनाही स्वतःला समाज म्हणवून घ्यायचं होतं. न्यायालयांची अडचण नेमकी तिथेच झाली. १९५७ च्या रॉथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटीसाठी ‘प्रुरियंट’ हा शब्द घेतला. त्याचं लॅटिन मूळ खाज सुटणं. ‘खाज’ आणि ‘कंड’ हे मराठी शब्द हाच प्रवास करून आले आहेत, त्यामुळे आपल्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण कुणाला खाज सुटली म्हणजे पुस्तक दोषी? १९६४ मध्ये न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी लुई मालच्या एका फ्रेंच चित्रपटाला निर्दोष ठरवताना सरळ सांगितलं, की व्याख्या जमत नाही, पाहिलं की ओळखू येतं. १९७३ च्या मिलर खटल्यापासून जोर आला तो ‘समकालीन समाजाचे मापदंड’ या शब्दांवर, आणि तो समाज स्थानिक असू शकतो हेही मान्य झालं. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या एका चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाची शिक्षा त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. त्याने लावलेला ‘कार्नल नॉलेज’ देशभर नावाजला गेला होता.

‘प्रुरियंट’ १९६९ च्या दुरुस्तीने आपल्या तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये आला. ‘समाजाचे मापदंड’ही मागोमाग आले. १४ मे २०१५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा रॉथ, मिलर अशा निवाड्यांचा आढावा घेऊन समकालीन समाजाच्या मापदंडांची कसोटी लावली. गांधीजींसारख्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले असतील, तर ही कसोटी अधिक कडकपणे लागते, असंही म्हटलं. माफी मागितलेले प्रकाशक-मुद्रक सुटले, कवीपुढचा खटला उरला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात ती कविता छापून आली होती १९९४ साली. निकालापर्यंत २१ वर्षं उलटली होती. ‘समकालीन’ म्हणून यातलं कोणतं साल धरायचं?